वलंदेजांचा व्यापार: मसाला नंतर, आधी हेरिंग आणि राय

बोरूबहाद्दर
वलंदेजांच्या म्हणजे डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीबद्दल (पुढे व्हीओसी म्हणतो) मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक १६०२ पासून सुरू होतं. मला त्याच्या आधीचं विचारायचंय. १६०० च्या सुमारास अख्ख्या डच प्रजासत्ताकाची वस्ती १५ लाखांच्या आसपास. इमारती लाकूड नाही, लोखंड नाही, धान्य पोटापुरतं पिकत नाही, हॉलंडचा बराच मुलुख समुद्रसपाटीच्या खाली, वर १५६८ पासून स्पेनच्या राजाशी लढाई. अशा देशाने १६०२ साली कंपनीसाठी ६४ लाख गिल्डर (डच नाणं) कुठून काढले? इंग्रजांच्या कंपनीने दोनच वर्षं आधी गोळा केलेल्या रकमेच्या हे नऊ-दहापट होतं. मिरी-जायफळाचा नफा तर अजून यायचा होता.

शीडकाठी
पैसा आला बाल्टिकमधून. अॅमस्टरडॅमचे व्यापारी त्या धंद्याला 'मूडरनेगोत्सी' म्हणजे मातृव्यापार म्हणत. बाकी सगळे धंदे त्याची लेकरं.

व्हिस्चुला नदीतून तराफे आणि सपाट तळाच्या होड्या पोलंडची राय डान्झिगला (आजचं ग्दान्स्क) उतरवत. राय म्हणजे गव्हाच्या नात्यातलं काळपट धान्य, आपल्या मोहरीच्या राईशी संबंध नाही. तिथून डच जहाजं डेन्मार्कजवळच्या साउंडच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून बाहेर पडत. हेलसिंगोरला डेन्मार्कच्या राजाची जकात होती, प्रत्येक जहाजाची नोंद व्हायची. त्या वह्या टिकल्यात आणि कित्येक दशकं त्यांत निम्म्याच्या आसपास किंवा जास्त जहाजं एकट्या डचांची दिसतात. राय, लाकूड, डांबर, अळशीचे आणि हेम्पचे तंतू हे सगळं येताना. जाताना मीठ, खारवलेलं हेरिंग, फ्रेंच दारू, कापड. जाताना भरायला माल कमी पडे, तेव्हा तळाला वाळू नाहीतर विटा घालून निघत. बाल्टिक किनाऱ्यावर डच विटा सापडतात त्या अशा.

हिवाळ्यात पाणी गोठतं, त्यामुळे एका मोसमात दोन फेऱ्या, जमल्या तर तीन. म्हणजे सगळा खेळ दर टन भाड्याचा. राय स्वस्त आणि अवजड, नफा थोडा. भाडं दुसऱ्यापेक्षा कमी ठेवता आलं तरच धंदा. हे भाडं डचांनी कसं खाली आणलं ते जहाजात आहे. त्यावर सविस्तर लिहितो, जरा वेळ द्या.

खारावलेला
शीडकाठी लिहीपर्यंत मी मासे विकून घेतो. 🙂

हेरिंग आपल्या तारली-पेडव्याच्या कुळातला मासा. तेलकट. तेलकट मासा नुसता वाळवला तर तेल हवेशी लागून खवट होतं, सुकट-बोंबलासारखं चालत नाही. म्हणून तो खाऱ्या पाण्यात बुडालेलाच हवा, आणि तेही पकडल्याच्या दिवशी. डचांनी इथे बाजी मारली.

पद्धत अशी. आखूड पात्याची सुरी कल्ल्याखाली घालायची आणि एका झटक्यात कल्ले, घसा, आतड्याचा मोठा भाग बाहेर काढायचा. रक्त वाहून जातं, नाहीतर मांस काळं पडतं. स्वादुपिंडाचा भाग मात्र मुद्दाम आत ठेवायचा. त्यातली पाचक द्रव्यं मांस हळूहळू मुरवतात, लोणच्यासारखी चव तिथून येते. मग मिठात घोळवून पिंपात थरावर थर. काही दिवसांनी मासा दबतो, पिंपात वर रिकामी जागा राहते. तिथे हवा साचली की वरचा थर पिवळा पडणार. म्हणून किनाऱ्यावर पिंप उघडून मासा पुन्हा रचायचा, नवं मीठ घालायचं, पिंप काठोकाठ भरायचं. या युक्तीचं श्रेय बीरफ्लीट गावच्या विलेम ब्यूकेल्सझोनला देतात. चौदाव्या शतकातला माणूस. एकट्याने शोधली असेल असं वाटत नाही, पण नाव त्याचं लागलं.

दुसरी गोष्ट गलबताची. 'हारिंगबाउस' म्हणजे तरंगता कारखाना. डझनभर माणसं, पन्नास-साठ जाळी एकाला एक बांधून दीड-दोन किलोमीटरची भिंत रात्री पाण्यात सोडायची, पहाटे रहाटावर ओढायची, आणि डेकवरच चिरून पिंपात. किनाऱ्यावर धावायची गरज नाही, त्यामुळे शेटलंडपर्यंत जाऊन आठवडेच्या आठवडे राहता यायचं. पहिला माल मात्र 'व्हेंटयागर' नावाच्या वेगवान होड्या मधूनच घेऊन परतायच्या, कारण मोसमाच्या पहिल्या पिंपाला भाव चढा.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ही सगळ्यात कमी सांगितली जाते. २४ जूनच्या संत योहानाच्या दिवसाआधी जाळं टाकायला बंदी. कुठल्या मिठात, कशा पिंपात, किती वेळा रचून, यावर शपथ घेतलेले तपासनीस आणि पिंपावर डागलेली खूण. गिऱ्हाईक डान्झिगमध्ये पिंप न उघडता खूण बघून पैसे मोजे.

तिरपागडा
मीठ कुठलं? हॉलंडात मिठागरं नव्हती.

खारावलेला
बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. फ्रान्सच्या बूर्नफच्या आखाताचं आणि पोर्तुगालच्या सेतूबालचं. फ्रेंच मीठ करडं, चिखलट, ते झीलंड या डच प्रांतात विरघळवून पुन्हा उकळून घ्यावं लागे. सेतूबालचं स्वच्छ. मीठ कडवट असेल तर मासा बाहेरून कडक होतो, आत मुरतच नाही, आणि हाडालगत कुजायला लागतो. बाहेरून पिंप छान दिसतं, हेच वाईट.

पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या राजाखाली. १५९८ मध्ये स्पेनने डच जहाजांवर बंदी कडक केली, आणि मिठासाठी डच जहाजं दुसऱ्याच वर्षापासून थेट व्हेनेझुएलाच्या आराया खाजणापर्यंत जाऊ लागली. अटलांटिक ओलांडून, मीठ आणायला! मासा किती मोलाचा होता ते यावरून ओळखा.

शीडकाठी
आता जहाज. 'फ्लाउट', १५९५ च्या सुमारास होर्न गावात, पीटर यान्स लिओर्नच्या नावावर. लांबी रुंदीच्या चौपट ते सहापट. तळ जवळपास सपाट, पोट फुगलेलं, वर डेक अरुंद, मागची बाजू गोल. आडवा छेद घेतला तर नासपतीसारखा दिसेल.

तोफा जवळपास नाहीत, म्हणून त्यांचं वजन नाही, त्यांच्यासाठी जाड फळ्या नाहीत, गोलंदाज नाहीत. डोलकाठ्या उंच पण शिडं लहान तुकड्यांत वाटलेली. प्रत्येक दोरी कप्प्यांतून आणि रहाटावरून घेतलेली, चार माणसांचं काम एक-दोघं करतील अशी. २०० टनी फ्लाउट साधारण दहा-बारा माणसांत चाले. त्याच मापाच्या इंग्रजी जहाजाला वीस-तीस लागत. खलाशाचा पगार, त्याची बिअर, त्याचं खारं मांस, हा प्रवासाचा मोठा खर्च. तो निम्म्याहून खाली आला.

नेहमी सांगतात की साउंडची जकात डेकच्या रुंदीवर होती, म्हणून डेक अरुंद केला. अर्धसत्य. जकातीची पद्धत १६६९ पर्यंत तशी होती हे मान्य, पण उथळ बंदरात शिरायला सपाट तळ आणि माल भरायला फुगीर पोट, एवढ्यावरच हा आकार आपोआप येतो. जकात वाचली तो वरचा मलिदा.

बांधणीचा खर्च लाकडाच्या कापणीत वाचला. आउटगेस्टच्या कॉर्नेलिस कॉर्नेलिसझोन नावाच्या शेतकऱ्याने १५९३ मध्ये पवनचक्कीवर चालणाऱ्या करवतीचा हक्क मिळवला, १५९७ मध्ये तिच्या वक्रदंडाचा वेगळा. चक्कीचा आस गोल फिरतो, करवतीला हवं वरखाली. आसाला कोपरासारखा बाक दिला की गोल फिरणं वरखाली होतं. एका चौकटीत अनेक पाती लावून एक ओंडका एकाच वेळी सगळ्या फळ्यांत फाडता येई. अॅमस्टरडॅमच्या हातकरवतवाल्यांच्या संघाने विरोध केला, तर चक्क्या वर झान नदीकाठी गेल्या. वारा तिकडेही होताच. नॉर्वे-बाल्टिकचं लाकूड, झानची कापणी, ठरलेल्या मापाचे भाग. एकाच नमुन्याची जहाजं मागोमाग बांधता आली.

बिघाड कुठे? फ्लाउट लढू शकत नाही. डंकर्कचे चाचे स्पेनच्या बाजूने हेरिंगची गलबतं आणि फ्लाउटं दोन्ही टिपत. मग लढाऊ जहाजांचा पहारा, म्हणजे खर्च. भूमध्य समुद्रात उत्तर आफ्रिकेचे बार्बरी चाचे, तिथे बिनतोफेचं जहाज पाठवणं वेडेपणा. फ्लाउटचं राज्य मुख्यतः उत्तरेत.

बोरूबहाद्दर
म्हणजे भाडं स्वस्त, हा मुद्दा. पण एका व्यापाऱ्याचं जहाज बुडालं तर तो संपला ना?

रोजमेळ
नाही, कारण अख्खं जहाज एकाचं नसेच. जहाजाचे १६, ३२, ६४ भाग पाडत. बेकरीवाला, दोरवाला, शीडकाम करणारा, विधवा बाई, सगळ्यांकडे तुकडे. दोरवाल्याने पाच जहाजांत एक-एक भाग घेतला की एक बुडालं तरी तो उभा राहतो, आणि दोर त्याच्याकडूनच घेतला जातो ते वेगळंच. व्हीओसीचे भाग विकले गेले तेव्हा लोकांना ही कल्पना नवी नव्हती. आजोबाही असेच हिस्से घेत होते.

बोरूबहाद्दर, तुमच्या ६४ लाखांचं उत्तरही यातच. १५८५ मध्ये स्पेनने अँटवर्प घेतलं, डचांनी शेल्ट नदीचं तोंड अडवून धरलं, आणि अँटवर्पचे व्यापारी आपली भांडवलं, नाती, हिशेबाच्या पद्धती घेऊन उत्तरेला आले. स्थानिक धान्याचा पैसा आणि अँटवर्पची जाणकारी एकत्र आली.

१५९४ मध्ये 'दूरदेशी कंपनी' निघाली. कॉर्नेलिस दे हाउटमन चार जहाजं घेऊन १५९५ मध्ये जावाकडे निघाला. २४९ माणसं गेली, नव्वदहूनही कमी परत आली, नफा जेमतेम. १५९८ चा याकोब व्हान नेकचा ताफा मात्र चारशे टक्क्यांच्या घरात गेला. मग शहराशहरांत कंपन्या, सगळ्यांची जावाच्या बांटम बंदरात एकाच मिरीवर बोली. तिकडे भाव चढला, इकडे पडला. प्रजासत्ताकाचा वजनदार राजकारणी ओल्डनबार्नेव्हेल्टने सगळ्यांना २० मार्च १६०२ च्या सनदेखाली एकत्र आणलं. सहा शाखा: अॅमस्टरडॅम, झीलंड, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न, एन्कहाउझेन. सतरा संचालकांत अॅमस्टरडॅमचे आठ, झीलंडचे चार, बाकीच्या चारांचा एकेक, आणि सतरावा आळीपाळीने इतर शाखांतला. तेवढ्यासाठीच सतरावा, अॅमस्टरडॅमला एकट्याने बहुमत मिळू नये म्हणून.

ऑगस्ट १६०२ मध्ये अॅमस्टरडॅमची नोंदवही डिर्क व्हान ओस या अँटवर्पहून आलेल्या व्यापाऱ्याच्या घरी उघडी होती. ११४३ नावं. शेवटच्या दिवशी त्याच्या घरच्या मोलकरणीने, नेल्टगेन कॉर्नेलिसने, १०० गिल्डर लिहवले.

हाती कागद नाही, नुसती वहीतली ओळ. विकायचं तर विकणारा आणि घेणारा दोघांनी कंपनीच्या कचेरीत जायचं, दोन संचालकांच्या मान्यतेने हिशेबनीस नाव बदलणार. दहा वर्षांनी, १६१२ मध्ये, हिशेब करून पैसे काढता येतील असं सनदेत होतं. ते झालंच नाही. भांडवल अडकलं, म्हणून भाग विकण्याचा बाजार तापला.

तिरपागडा
आणि लगेच सट्टा. इसाक ल मेर १६०९ मध्ये हातात नसलेले भाग पुढच्या तारखेला विकत होता, भाव पाडून स्वस्तात उचलायचे म्हणून. २७ फेब्रुवारी १६१० ला सरकारने अशा विक्रीवर बंदी घातली. तो आधी कंपनीचा मोठा भागधारक आणि संचालक होता, भांडून बाहेर पडलेला. १६१० चा लाभांशही बघा. रोख थोडं, बाकी जायपत्री आणि मिरी! गोदामात साठलेला माल भागधारकांच्या गळ्यात मारला. सगळ्यांनी एकाच दिवशी जायपत्री बाजारात आणली तर भाव काय होणार? कित्येकांनी घेतलीच नाही.

रोजमेळ
हुंडीचं राहिलं. अॅमस्टरडॅमच्या बाजारात शेकडो तऱ्हेची नाणी, कुठलं घासलेलं, कुठलं कातरलेलं. व्यापारी चांगलं नाणं घरी ठेवी, वाईट पुढे ढकली. ३१ जानेवारी १६०९ ला शहराने विसेलबँक उघडली. नाणं वजनावर आणि कसावर जमा करायचं, खात्यात ठरलेल्या मोलाचे गिल्डर. ६०० गिल्डर आणि वरच्या हुंड्या बँकेच्या खात्यातूनच फेडायच्या, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याला खातं उघडणं भागच. खात्यातल्या पैशाला बाहेरच्या नाण्यावर चार-पाच टक्के बट्टा, म्हणजे वरचं मोल, मिळू लागलं. आपल्याकडच्या सराफाला हे सगळं अजिबात परकं वाटलं नसतं. फरक इतकाच की इथे हमी शहराची.

१६७२ मध्ये फ्रेंच फौज उत्रेक्टपर्यंत आली तेव्हा लोक पैसे काढायला धावले. बँकेने सगळ्यांना दिले. काही नाणी १६५२ च्या नगरभवनाच्या आगीत काळवंडलेली होती म्हणतात, म्हणजे वीस वर्षं कोणी हातच लावला नव्हता.

जायपत्री
धागा छान, पण सगळं भाडं आणि बट्टा असंच वाचलं तर वलंदेज फार सज्जन वाटतील. आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच जायफळ पिकत होतं. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कूनने ती बेटं घेतली. सुमारे १५ हजार वस्ती होती, बेटांवर हजारभर उरली. बाकी मेले, उपाशी ठेवले गेले, पकडून बटाव्हियाला (आजचं जकार्ता) नेले, काही पळाले. मग जमिनीचे ६८ मळे पाडून डच मक्तेदारांना दिले, राबायला गुलाम. मोलुक्कासमध्ये ठरलेल्या बेटांबाहेरची लवंगेची झाडं तोडायला दरसाल होड्यांचे ताफे फिरत. जायफळ चुन्याच्या निवळीत बुडवून पाठवत, कीड लागू नये म्हणून, आणि असंही सांगतात की दुसऱ्या कोणी रुजवू नये म्हणून.

भाडं कमी ठेवून बाल्टिक मिळतं. जायफळाचा मक्ता मिळत नाही.

शीडकाठी
मान्य, पूर्ण मान्य. एकच जोड: बेटांवर मसाला चांदीने नव्हे तर बहुतांशी कापडाने घेतला जाई. म्हणून हिंदुस्थानात वखारी: मसुलीपट्टण १६०६ च्या आसपास, पुलिकतचा गेल्ड्रिया किल्ला १६१३, सुरत १६१६-१७. जपानची चांदी-तांबं (तिथल्या वखारी: हिराडो १६०९, देशिमा १६४१) यांतूनच फिरत होतं. युरोपातून नवी चांदी कमीत कमी आणायची, आशियातला माल आशियातच फिरवून मसाल्याची किंमत काढायची, हे कूनने संचालकांना स्पष्ट लिहिलं होतं. मातृव्यापाराचाच धडा, दुसऱ्या समुद्रात.

नवाबाग
कोकणाचा संबंध कोणी काढला नाही म्हणून लिहितो. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. पोर्तुगीजांची सागरी वाटांची टिपणं त्याने उतरवून घेतली. ती १५९५ मध्ये छापली गेली आणि हाउटमनच्या ताफ्याबरोबर होती. मलाक्काची सामुद्रधुनी पोर्तुगीजांच्या डोळ्यांसमोर, तिकडे न जाता सुंदाच्या सामुद्रधुनीने जा, हा सल्ला त्यातलाच.

१६३६ ते १६४४ डच दर वर्षी गोव्याची नाकेबंदी करत. पावसाळा सरला की ताफा मांडवीच्या तोंडाशी, पुढचा पाऊस यायच्या आत परत. आता सहा-सात महिने समुद्रावर उभ्या ताफ्याला गोडं पाणी, तांदूळ, भाजी, बातमी कुठून? त्यासाठी १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने वेंगुर्ल्याची वखार. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. मालापेक्षा डाक आणि रसद हे तिचं खरं काम. पुढे शिवकालाच्या इतिहासाला वेंगुर्ल्याहून गेलेली डच पत्रं फार उपयोगी पडली ती यामुळेच, बसलेला माणूस ऐकलेलं सगळं लिहून पाठवत होता.

'वलंदेज' हा शब्द पोर्तुगीज 'ओलांदेश'वरून. आज्ञापत्रात टोपीकरांच्या यादीत तो आहे. आणि जायपत्रींच्या मुद्द्याला धरून: १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात गुलाम विकत घेण्याला मनाई केली आहे.

बोरूबहाद्दर
सगळ्यांचे आभार, इतकं अपेक्षित नव्हतं. शेवटचं एक विचारतो. हॉलंडची जहाजं उष्ण समुद्रात टिकत कशी? आणि वाट कोणती?

शीडकाठी
वाट आधी. १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउवर केप ऑफ गुड होपवरून सरळ उत्तरेला न वळता दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांत पूर्वेकडे धावला आणि मग उत्तरेला सुंदाकडे वळला. कित्येक महिने वाचले, पुढे कंपनीने ती वाट सक्तीची केली. धोका वळणात. रेखांश मोजता येत नव्हता, पूर्वेला किती आलो हा अंदाजच. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलियाचा किनारा. 'बटाव्हिया' नावाचं जहाज १६२९ मध्ये तिथल्याच खडकांवर फुटलं.

टिकण्याचं असं की उष्ण पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो, कोकणातल्या होडीवाल्यांना नव्याने सांगायला नको. ओकच्या जाड फळ्यांवर बाहेरून पाइनचा पातळ थर ठोकायचा, मधे डांबर आणि जनावरांच्या केसांचा थर. वरून रुंद डोक्याचे लोखंडी खिळे इतके जवळ जवळ की गंजून त्यांचं एक कवचच तयार होई. किडा पाइन खातो आणि केसांच्या थराशी अडतो. पाइन फुकट गेलं तरी चालेल, बंदरात काढून दुसरं लावायचं. एक खिळा निसटून खालचा ओक उघडा पडला, तर मात्र गेलं.